‘कंचेभागुबेव’ आणि पायथनमधील क्रियाचिन्हे

प्राथमिक शाळेत गणित मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या स्मरणात ‘कंचेभागुबेव’ हे अक्षरसूत्र सहसा असतेच. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज आणि वजाबाकी ह्या सहा पदांची आद्याक्षरे जुळवून ते बनविलेले आहे. पदावली सोडविताना कोणती क्रिया आधी व कोणती मागाहून करावयाची हे ध्यानात राहावे, एवढाच त्याचा हेतू. इंग्रजी माध्यमातील ‘बॉडमास’चे ते भावंड होय. शाळा सुटली की ह्या सूत्राचे कार्य आटोपले असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ते आटोपत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील नेरसारख्या तालुक्याच्या गावी मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील एखाद्या महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या वर्गात बसतो आणि पायथन ह्या भाषेशी त्याची प्रथमच गाठ पडते, तेव्हा तिच्यातील क्रियाचिन्हे तो कोऱ्या मनाने वाचीत नाही. हेच सूत्र आणि मराठी वाक्याची घडण ही दोन्ही बरोबर घेऊन तो ती वाचतो. त्याच्या चुकांचा मोठा भाग ह्या वाचनातून उपजतो. त्या चुका बुद्धीच्या नव्हेत, वाचनाच्या होत, हा भेद अध्यापनात केला जात नाही, आणि पुष्कळ विद्यार्थी पहिल्याच सत्रात हा विषय आपला नव्हे असे ठरवून मोकळे होतात.

प्रथम संज्ञेचा विचार करणे प्राप्त आहे. वर्गात सर्रास ‘ऑपरेटर’ हा शब्द चालतो. परंतु मराठी समाजात ऑपरेटर म्हणजे यंत्र चालविणारा माणूस. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात तो असतो, आणि ग्रामपंचायतीत जो असतो त्यास शासनाने ‘संगणक परिचालक’ असे नावही दिलेले आहे. अधिकचे चिन्ह हा ‘ऑपरेटर’ आहे असे ऐकल्यावर नवख्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहात असेल ते सांगावयास नको. ‘कारक’ हा शब्द व्याकरणाने आधीच व्यापलेला आहे. तेव्हा ‘क्रियाचिन्ह’ हा साधा सामासिक शब्द अधिक बरा. शाळेत बेरीज-वजाबाकीस ‘क्रिया’च म्हणतात, त्यामुळे तो शिकवावा लागत नाही. पुढील विवेचनात तोच योजिला आहे. अंक मात्र येथे छपाईच्या रीतीस अनुसरून देवनागरीत दिले असले तरी प्रत्यक्ष यंत्रावर ते रोमन वळणानेच टंकावे लागतात. पायथनच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात. ‘वजन’ अथवा ‘पीक’ असे नाव ती भाषा बिनतक्रार स्वीकारते. एवढेच नव्हे, अवतरणचिन्हांत दिलेल्या ‘१२’ ह्या देवनागरी अक्षररूपाचे पूर्णांकात रूपांतर करावयास सांगितले तर तेही ती बिनचूक करते. पण तोच देवनागरी १२ आज्ञावलीत उघडा लिहिला की तिला तो कळत नाही. नावांस प्रवेश आणि अंकांस मज्जाव, ही स्थिती चमत्कारिक खरीच.

आता सूत्राकडे वळावे. त्याच्या शेवटच्या दोन अक्षरांत, म्हणजे ‘बेव’मध्ये, खरी अडचण आहे. १० − ४ + ३ ही पदावली घ्यावी. ‘बेरीज आधी, वजाबाकी नंतर’ हा नियम जो अक्षरशः पाळील तो ४ आणि ३ मिळवून ७ करील, १० मधून ते वजा करील आणि ३ हे उत्तर देईल. पायथन ९ उत्तर देते, आणि गणिताच्या सर्वमान्य संकेतानुसार ९ हेच योग्य आहे. कारण बेरीज व वजाबाकी ह्या समान दर्जाच्या क्रिया असून त्या डावीकडून उजवीकडे क्रमाने करावयाच्या असतात. मग सूत्र खोटे काय? तसे म्हणून त्याची वासलात लावणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. जमाखर्चाची वही ज्याने पाहिली आहे त्यास ह्या सूत्राचा दुसरा अर्थ सुचू शकेल. वहीत प्रत्येक रकमेस तिची बाजू असते. १० आणि ३ ह्या जमेच्या रकमा, ४ ही खर्चाची. आधी जमेची बेरीज करावी, ती १३. मग तीतून खर्च वजा करावा, उरले ९. अशा वाचनात ‘बेव’ तंतोतंत खरे ठरते. म्हणजे सूत्र चुकीचे नसून ते दोन बाजू असलेल्या कागदाचे सूत्र आहे, एकापुढे एक चिन्ह वाचीत जाणाऱ्या ओळीचे नव्हे. वही वाचणारा डोळा सारे पान एकदम पाहतो आणि वजाचे चिन्ह ४ ह्या रकमेचाच भाग मानतो. यंत्रापुढे पान नसते. ओळ असते, आणि समान दर्जाच्या चिन्हांत डावीकडचे आधी एवढाच त्याचा दंडक असतो. सूत्र शिकविताना हा भेद गाळला जातो. तो गाळल्यामुळे विद्यार्थी ‘व’च्या पुढील सर्व काही एका अदृश्य कंसात घालतो.

‘भागु’ ह्या जोडीची गोष्ट निराळी आहे. भागाकार गुणाकाराच्या आधी करा, असे सूत्र म्हणते. पायथन ह्या दोहोंसही समान दर्जा देते. तरीही अपूर्णांकांच्या जगात येथे काही बिघडत नाही. ८ × ६ ÷ ३ मध्ये भागाकार आधी केला तरी १६ आणि डावीकडून केले तरी १६. इंग्रजी भाषकांच्या एका मोठ्या समूहात, विशेषतः अमेरिकेत, गुणाकाराचे अक्षर भागाकाराच्या आधी ठेवणारे सूत्र शिकवितात, आणि ते अक्षरशः पाळले तर ८ ÷ २ × ४ चे उत्तर १६ ऐवजी १ येते. ह्या बाबतीत मराठी सूत्राचा क्रम अधिक सुरक्षित आहे, हे नमूद केले पाहिजे. परंतु ही सुरक्षितता पूर्णांकी भागाकारापाशी संपते. पायथनमध्ये दोन तिरप्या रेषांचे एक स्वतंत्र क्रियाचिन्ह आहे. ते भागाकारातील अपूर्णांक टाकून खालचा पूर्णांक देते. ७ ला ३ ने गुणून मग ह्या चिन्हाने २ ने भागले तर १० येतात. ३ चा २ ने पूर्णांकी भागाकार आधी केला तर तो १ येतो आणि सारे उत्तर ७ होते. आता क्रम चुकल्यास उत्तर बदलते. ६० पैकी ४५ गुण मिळविणाऱ्याचे शेकडा प्रमाण काढताना ४५ ला ६० ने पूर्णांकी भागून मग १०० ने गुणले, तर उत्तर शून्य येते; आधी १०० ने गुणून मग भागले तर ७५. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत एका तिरप्या रेषेचे साधे चिन्हसुद्धा दोन पूर्णांकांवर असाच पूर्णांकी भागाकार करीत असे. हे बदलण्याचा निर्णय २००१ मध्ये झाला, दोन रेषांचे चिन्ह त्याच वर्षी भाषेत आले, तिसऱ्या आवृत्तीत साधा भागाकार खरोखर साधा झाला, आणि दुसऱ्या आवृत्तीचे संगोपन १ जानेवारी २०२० रोजी थांबले. एका क्रियाचिन्हाचा अर्थ शाळेतील अर्थाशी जुळवून घ्यावयास एका भाषेस इतकी वर्षे लागली, ह्यावरून हा प्रश्न किरकोळ नाही हे दिसून येईल.

सूत्रातील सर्वांत मराठी अक्षर म्हणजे ‘चे’. ह्या अक्षराकडे संगणकशास्त्राच्या अध्यापकाचे लक्ष जात नाही, कारण पायथनमध्ये त्यास प्रतिरूपच नाही. ‘२४ ÷ ८ चे १/२’ असे उदाहरण शाळेत येते. मराठी कानास ‘८ चे १/२’ हा एक अखंड शब्दसमूह वाटतो. ‘पाटलाच्या भावाचे शेत’ म्हणताना षष्ठीचा प्रत्यय जसा दोन नामांस घट्ट बांधतो, तसाच तो येथेही बांधतो. म्हणून ८ चे निम्मे ४, आणि २४ भागिले ४ म्हणजे ६. आता हेच उदाहरण विद्यार्थी यंत्रावर उतरवितो. ‘चे’ म्हणजे गुणाकार हे त्यास पाठ असते. म्हणून त्या जागी तो गुणाकाराची तारका घालतो. यंत्र २४ ला ८ ने भागून ३ करते, १ ने गुणते, २ ने भागते आणि १.५ असे उत्तर देते. विद्यार्थी चक्रावतो, त्याने नियम मोडलेला नसतो. व्याकरणातील बंध गुणाकाराच्या चिन्हात उतरला नाही, एवढेच घडलेले असते. षष्ठीच्या प्रत्ययात गुणाकार आणि कंस ही दोन्ही एकवटलेली आहेत. तारकेत केवळ गुणाकार आहे. कंस वेगळा लिहावा लागतो. हे एका वाक्यात सांगता येण्यासारखे असूनही ते सांगितले जात नाही, कारण इंग्रजीतून आलेल्या पाठ्यक्रमात ‘चे’ ह्या पायरीचा उल्लेखच नसतो. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संकलन, व्यवकलन, गुणन, भागहार, वर्ग, वर्गमूल, घन व घनमूल ही आठ परिकर्मे सांगितली आहेत, पण तेथे क्रियांच्या अग्रक्रमाचा प्रश्न असा पडत नाही, कारण कृती शब्दांत सांगितलेली असते आणि वाक्याचा क्रम हाच क्रियेचा क्रम असतो. अग्रक्रम ही चिन्हलेखनाने आणलेली अडचण आहे. ‘चे’ हा त्या चिन्हांच्या ओळीत शिल्लक राहिलेला वाक्याचा तुकडा होय.

घाताचे चिन्ह तर सूत्रात नाहीच. त्यामुळे दोन तारकांचे घातचिन्ह उजवीकडून डावीकडे जाते, म्हणजे २ चा ३ रा घात आणि त्यावर पुन्हा २ असे लिहिल्यास आधी ३ चा वर्ग होऊन उत्तर ५१२ येते, ६४ नव्हे. आणि ऋण ३ चा वर्ग कंसावाचून लिहिल्यास ऋण ९ येतो. ह्या गोष्टी विद्यार्थ्यास स्वतंत्रपणेच शिकाव्या लागतात. त्या तो शिकतो. येथे पूर्वसंस्काराचा अडथळा थोडा.

पूर्वसंस्कार आड येतो तो शेकड्याच्या चिन्हाशी. हे चिन्ह पाहताच मराठी विद्यार्थी ‘टक्के’ असे वाचतो. पायथनमध्ये त्याचा अर्थ ‘बाकी’ असा आहे: १०० आणि ८ ह्यांमध्ये ते ठेवले तर ४ मिळतात, कारण १०० ला ८ ने भागून ४ उरतात. वाचन बदलल्याशिवाय हे चिन्ह समजणार नाही, आणि बदललेल्या वाचनासाठी शब्द शाळेतलाच उपलब्ध आहे. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी, हे समीकरण प्रत्येकाने घोकलेले असते; पायथनने दोन रेषांचे चिन्ह आणि बाकीचे चिन्ह ही नेमकी ह्याच समीकरणास बांधून घेतली आहेत. नेरच्या एखाद्या शेतकऱ्याचा कापूस १२३७ किलो भरला, तर १०० ने पूर्णांकी भागून १२ क्विंटल, आणि बाकीच्या चिन्हाने ३७ किलो. इतके साधे उदाहरण सोडून पाठ्यपुस्तके सम-विषम संख्यांच्या पलीकडे जात नाहीत. ऋणसंख्येच्या बाबतीतही समीकरण मोडत नाही: ऋण ७ ला २ ने पूर्णांकी भागले तर ऋण ४ आणि बाकी १. सी भाषेत ह्याच ठिकाणी ऋण ३ आणि बाकी ऋण १ येते. समीकरण दोहोंकडे खरे आहे. परंतु ‘बाकी’ म्हणजे उरलेली वस्तू, ती उणे कशी असेल, ह्या व्यवहारी समजुतीस पायथनचा निर्णय अधिक मानवतो. भाजक धन असेपर्यंत पायथनमध्ये बाकी कधी ऋण होत नाही. सोमवारास ० धरून वार मोजले तर सोमवारच्या तीन दिवस आधीचा वार ० − ३ ची ७ ने बाकी काढून ४, म्हणजे शुक्रवार, असा थेट मिळतो.

तिरप्या रेषेविषयी एक गंमत जाता जाता नोंदवावीशी वाटते. ग्रामीण महाराष्ट्रात सर्वांत अधिक वेळा लिहिली जाणारी तिरपी रेषा भागाकाराची नसावी, ती ‘७/१२’ची असावी. गाव नमुना क्रमांक ७ आणि गाव नमुना क्रमांक १२ ह्यांचा तो जोडउतारा. पायथन मात्र हे चिन्ह पाहून निमूटपणे भागाकार करते आणि सुमारे ०.५८३३ हे उत्तर देते. चिन्हास स्वतःचा अर्थ नसतो, तो वाचणाऱ्या व्यवस्थेत असतो, ही गोष्ट विद्यार्थ्यास पटविण्यास ह्याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण.

समानतेच्या चिन्हाकडे आल्यावर विषय गणितातून पुरताच भाषेत शिरतो. रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये दोन समांतर रेषांचे हे चिन्ह योजिले. मराठीत ते ‘बरोबर’ असे वाचतात. ‘बरोबर’ ह्या शब्दाचे मराठीत दोन अर्थ: समान, आणि योग्य. ‘क्ष = क्ष + १’ ही ओळ ‘क्ष बरोबर क्ष अधिक एक’ अशी वाचली की ती समान नाही आणि योग्यही नाही, असे दुहेरी खोटे विद्यार्थ्याच्या कानी पडते. बीजगणितात असे समीकरण दिसले तर ते अशक्य म्हणून सोडून द्यावयास त्यास शिकविलेले असते. पायथनमध्ये हे समीकरणच नव्हे. उजवीकडील किंमत काढून ती डावीकडील नावास द्या, अशी ती आज्ञा आहे. १९५७ च्या फोर्ट्रानने ह्या कामी हेच एकेरी चिन्ह वापरले, सी भाषेने ते उचलले आणि समानता विचारण्यासाठी दुहेरी चिन्ह ठेवले. अल्गोल व पास्कल ह्यांनी मात्र विसर्गासारखे दोन बिंदू जोडून वेगळे चिन्ह घडविले होते. पायथनचा कर्ता गीडो व्हान रॉसम ह्याने १९९१ मध्ये आपली भाषा प्रसिद्ध करण्यापूर्वी ॲम्स्टरडॅमच्या ज्या संस्थेत काम केले, तेथील एबीसी ह्या नवशिक्यांसाठीच्या भाषेत येथे चिन्ह नव्हतेच. ‘अमुक किंमत तमुकात ठेवा’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. पायथनने पुष्कळ काही एबीसीकडून घेतले. हे घेतले नाही. नवशिक्यासाठी सुलभ म्हणून जिची ख्याती, त्या भाषेने अनुभवी आज्ञावलीकाराच्या सवयीस येथे झुकते माप दिले, असेच म्हणावे लागते. मराठीत उपाय वाचनाचा आहे. एकेरी चिन्ह ‘बरोबर’ असे न वाचता मराठी वाक्याच्या क्रमाने, ‘क्षमध्ये क्ष अधिक एक ठेवा’ असे वाचावे, ‘बरोबर का?’ हे वाचन दुहेरी चिन्हासाठी राखून ठेवावे. ‘का’मध्ये प्रश्न आहे, आणि त्या चिन्हाचे उत्तर होय अथवा नाही एवढेच असते. इंग्रजी ‘इज’ हे तिसरे चिन्हही ह्याच ओघात उलगडते: दुहेरी चिन्ह विचारते की हा बैल ‘तसाच’ आहे काय, ‘इज’ विचारते की हा ‘तोच’ आहे काय. बाजारात बैल विकून तसाच दुसरा आणणाऱ्यास हा फरक शिकवावा लागत नाही.

शेवटी तार्किक क्रियाचिन्हे. पायथन सोपी, ह्या म्हणण्यास एक आधार असा देतात की ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ हे बोलीतलेच शब्द तीत चिन्हे म्हणून येतात, सी भाषेतील कूटचिन्हे येत नाहीत. ही सुलभता इंग्रजी वाचकाच्या मापाने मोजलेली आहे. मराठी विद्यार्थी ह्या शब्दांचे मनातल्या मनात ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ असे भाषांतर करतो, आणि भाषांतराबरोबर मराठी वाक्याची व्याप्तीही आत येते. ‘कापूस किंवा तूर नाही’ हे वाक्य ऐकणारा दोन्ही पिके नाहीत असे समजतो. मराठीत नकार वाक्याच्या अखेरीस येतो आणि आपल्या आधीचे सगळे कवेत घेतो. पायथनचा ‘नॉट’ आधी येतो आणि केवळ लगतच्या पदास लागतो: ‘नॉट कापूस ऑर तूर’ म्हणजे कापूस नाही, किंवा तूर आहे. ज्या शेतात कापूस आणि तूर दोन्ही आहेत तेथे मराठी वाक्य असत्य, पायथनची ओळ सत्य. तसेच ‘ओलीत किंवा कोरडवाहू आणि कापूस’ असे म्हटले की मराठी श्रोता आधी ओलीत-कोरडवाहू ही जमिनीची जोडी बांधतो व मग कापसाची अट घालतो. पायथन ‘अँड’ला ‘ऑर’हून वरचा दर्जा देते, तिच्या मते प्रत्येक ओलीत शेत पात्र ठरते, मग त्यात संत्री का असेनात.

ह्याहून फसवी चूक लोपाची आहे. ‘पीक कापूस किंवा तूर असेल तर’ ह्या मराठी वाक्यात ‘पीक’ हा शब्द एकदाच येतो, दुसऱ्यांदा तो अध्याहृत. विद्यार्थी तसेच लिहितो: पीक, समानतेचे दुहेरी चिन्ह, अवतरणात कापूस, ‘ऑर’, अवतरणात तूर. पायथनला अध्याहृत कळत नाही. ‘ऑर’च्या उजवीकडे तिला ‘तूर’ हे एकटे अक्षररूप दिसते, आणि रिकामे नसलेले कोणतेही अक्षररूप तिच्या लेखी सत्य असते. परिणामी अट सदैव पुरी होते. सोयाबीनच्या शेतासही कापूस-तुरीचा लाभ मिळतो, आणि यंत्र चुकीची सूचनाही देत नाही, कारण व्याकरणदृष्ट्या ओळ निर्दोष असते. इंग्रजी भाषक विद्यार्थीही ही चूक करतो. लोप त्याच्या भाषेतही आहे. म्हणून हिचा दोष एकट्या मराठीस देता येत नाही. परंतु मराठीच्या विद्यार्थ्यास ती समजावून देताना ‘अध्याहृत’ ही संज्ञा त्याच्या शालेय व्याकरणातून आयती मिळते, आणि तिचा उपयोग संगणकशास्त्राच्या वर्गात होत नाही.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये अभियांत्रिकीचे पदवी-शिक्षण मराठीसह काही भारतीय भाषांतून देण्यास मुभा दिली. त्यानिमित्ताने होणाऱ्या चर्चेत भर पारिभाषिक शब्दांवर दिसतो: अमक्यास मराठीत काय म्हणावे. त्या शब्दांची गरज आहे. पण ‘ऑपरेटर’ला ‘क्रियाचिन्ह’ म्हटल्याने २४ ÷ ८ चे १/२ ह्याचे उत्तर १.५ वरून ६ वर येत नाही. त्यासाठी ८ च्या आधी आणि १/२ च्या नंतर कंस घालावा लागतो, आणि तो तेथे का घालावयाचा हे ‘चे’ ह्या प्रत्ययाकडे बोट दाखवून सांगावे लागते. ‘कंचेभागुबेव’ टाकून देण्याचे कारण नाही. ‘भागु’ आणि ‘बेव’ ह्या दोन जोड्या आहेत, चार पायऱ्या नव्हेत. जोडीच्या आत डावीकडचे आधी. आणि ‘चे’ आले की कंस. एवढी टीप त्यास जोडली तर तेच सूत्र पायथनच्या वर्गातही चालेल.